वाचनालयाची वेबसाइट आणि ब्लॉग: दोन्ही ठेवायचे तर एकमेकांना जोडायचे कसे?

ग्रंथघर

नमस्कार. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी मी ग्रंथपाल आहे. वाचनालय 'ब' वर्गातलं, जुनं, लोकांच्या देणग्यांवर उभं राहिलेलं. आमची एक वेबसाइट आहे आणि एक ब्लॉग आहे. दोन्ही आमचेच, पण गेली कित्येक वर्षं एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. पुढच्या महिन्यात कार्यकारी मंडळाची सभा आहे आणि तिथे 'ब्लॉग बंद करावा' हा विषय येतोय. तो बंद होऊ नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून आधी इथे सगळं मांडते.

वेबसाइट २००५ सालची. एका सभासदाच्या मुलाने कॉलेजात असताना हौसेने करून दिली. पाच पानं: इतिहास, कार्यकारी मंडळ, वर्गणी व अनामत, वेळा, संपर्क. नंतर तो नोकरीला लागला आणि साइट आहे तशी राहिली. २०११ मध्ये मी ब्लॉगस्पॉटवर, म्हणजे गूगलच्या ब्लॉगर या फुकट सेवेवर, ब्लॉग सुरू केला, कारण तिथे मला स्वतःला लिहिता येत होतं, कुणाच्या पाया पडावं लागत नव्हतं. नवी पुस्तकं, दिवाळी अंकांची यादी, व्याख्यानाचा वृत्तांत, जुन्या पावतीपुस्तकांत सापडलेल्या गोष्टी, असं लिहीत गेले. आज तीनशेच्या वर नोंदी आहेत.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सोमवारी आमची साप्ताहिक सुट्टी. मी काही कामासाठी मागच्या दाराने आले, तर पुढच्या पायरीवर एक आजी बसलेल्या. लांबच्या वाडीतून एसटीने आलेल्या. पिशवीत बदलायची दोन पुस्तकं, भिजू नयेत म्हणून दुधाच्या पिशव्या कापून त्यात नीट गुंडाळलेली. म्हणाल्या, "नातीनं मोबाइलवर बघितलं, सोमवारी सकाळी उघडं असतं म्हणून." नात चुकली नव्हती. २०१४ मध्ये मीच ब्लॉगवर तसं लिहिलं होतं, तेव्हा सुट्टी गुरुवारची होती. वेबसाइटवर तर त्याच्याही आधीच्या वेळा होत्या. म्हणजे तीन ठिकाणी तीन वेळा, आणि खरी फक्त दारावरच्या पाटीची. दार उघडून मी त्यांना पुस्तकं बदलून दिली, पण परतीच्या गाडीला दोन तास होते आणि तेवढा वेळ त्या माझ्यासमोर बसून होत्या. मला मान वर करवत नव्हती.

हे मी सभेत सांगितलं. कार्यवाह म्हणाले, दोन दोन ठिकाणं आहेत म्हणून हा घोळ, ब्लॉग काढूनच टाका. नवी वेबसाइट करून देणाऱ्यानेही तेच सांगितलं: जुनं सगळं पुसू, नवीन 'बातम्या' विभाग देऊ.

मी बरेच दिवस यावर विचार केला. वाचनालयात दर्शनी फळा असतो आणि दाखल नोंदवही असते, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमाने लिहायची वही. फळ्यावरचं रोज पुसून नवं लिहायचं. नोंदवहीत मात्र खाडाखोड चालत नाही. चुकलं तर आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर लिहायचं, सही करायची. वेबसाइट आमचा फळा आहे आणि ब्लॉग नोंदवही. आमची चूक अशी झाली की फळा वीस वर्षं पुसला नाही आणि फळ्यावरचा मजकूर मी नोंदवहीत लिहीत बसले. वेळ, सुट्टी, वर्गणी, अनामत हे फक्त वेबसाइटच्या एकाच पानावर हवं होतं, आणि ब्लॉगवर त्या पानाची लिंक.

आता मी जुन्या नोंदी एकेक उघडून, जिथे वेळ किंवा वर्गणी लिहिलीय तिथे वरच्या बाजूला एक ओळ घालतेय: 'ही माहिती त्या वर्षाची आहे, आजच्या वेळा इथे पाहा.' मूळ मजकूर तसाच ठेवतेय. २०११ ते २०१३ अजून बाकी आहे.

अडचणी दोन. ब्लॉग आहे तिथेच ठेवावा की नव्या साइटवर हलवावा? आणि जुन्या वेबसाइटचा मजकूर युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे सारखी वाचली जाणारी अक्षरं येण्याच्या, आधीच्या फाँटमध्ये आहे. कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की नुसती चिन्हं आणि परकी अक्षरं येतात. कागदावर चौदा पानं भरतील एवढा इतिहास आहे त्यात, आणि तो गूगलला कधीच सापडलेला नाही. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सांगावं.

---

कोडेकर

ताई, फळा आणि नोंदवही हे सभेत याच शब्दांत सांगा. मी पुण्यात हेच काम करतो, आणि एवढी गोष्ट पटवून द्यायला मला दोन-दोन बैठका लागतात.

ब्लॉग हलवू नका. तीनशे नोंदी म्हणजे तीनशे पत्ते. कुणी ते मेलमध्ये पाठवलेत, कुणी स्वतःच्या लेखात जोडलेत, विकिपीडियावर संदर्भ म्हणूनही दिलेले असू शकतात. ब्लॉगस्पॉटवरून बाहेरच्या साइटवर एकेका नोंदीचं कायमचं पुनर्निर्देशन (जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेणं) करायची सोय ब्लॉगर देत नाही, ती फक्त त्याच ब्लॉगच्या आतल्या आत करता येते. म्हणजे हलवलात तर जुने पत्ते एकतर मरतील किंवा तोच मजकूर दोन ठिकाणी पडून राहील.

त्यापेक्षा वाचनालयाचं जे डोमेन, म्हणजे वेबसाइटचा नोंदवलेला पत्ता, असेल त्याच्या आधी 'ब्लॉग' लावून उपडोमेन करा आणि ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये ते जोडा. डोमेनच्या सेटिंगमध्ये एक-दोन ओळी घालाव्या लागतात, अर्ध्या तासाचं काम आहे. मग जुन्या ब्लॉगस्पॉटच्या पत्त्यावर येणारा माणूस आपोआप नव्या पत्त्यावर जातो. मजकूर जागचा हलत नाही, फक्त दारावर वाचनालयाचं नाव लागतं. पुढेमागे ब्लॉगर सोडून वर्डप्रेसवर (साइट आणि ब्लॉग दोन्ही चालवता येणाऱ्या दुसऱ्या प्रणालीवर) जायचं ठरलं, तरी पत्ता तुमचा असल्यामुळे तेव्हा पुनर्निर्देशन तुमच्या हातात राहील. 'उपडोमेन चांगलं की साइटच्या आतला फोल्डर चांगला' यावर लोक फार भांडतात. गूगलचं म्हणणं दोन्ही चालतं असं आहे. तुमच्या बाबतीत जुने पत्ते जिवंत राहणं हेच महत्त्वाचं, तेव्हा उपडोमेन.

दुसरं, फीड, म्हणजे नव्या नोंदींची आपोआप ताजी होणारी यादी, जी दुसरी साइटही वाचू शकते. प्रत्येक ब्लॉगला ती असते आणि ब्लॉगरवर प्रत्येक लेबलची (नोंदीला दिलेल्या विषयाची) वेगळी फीडही मिळते. 'नवी पुस्तकं' या लेबलची फीड वेबसाइटच्या पहिल्या पानावर लावली की तुम्ही ब्लॉगवर लिहिताच शेवटची पाच शीर्षकं तिथे आपोआप दिसतील. 'कार्यक्रम' लेबलची फीड कार्यक्रमांच्या पानावर. शीर्षक आणि दोन ओळी एवढंच दाखवा, पूर्ण मजकूर नको. तोच लेख दोन्हीकडे पूर्ण असेल तर शोधयंत्र त्यातला एक निवडतं, आणि तुम्हाला हवा तोच निवडेल याची खात्री नसते. असं केल्याने गूगल 'शिक्षा' करतं ही भीती मात्र काढून टाका, तसं काही नाही.

तिसरं आणि सगळ्यात आधी करायचं: डोमेन कुणाच्या नावावर आहे ते बघा.

---

हिशेबवही

मी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका वाचनालयाचा खजिनदार. कोडेकर यांच्या शेवटच्या ओळीसाठी लॉगिन झालो.

आमचं डोमेन साइट करून देणाऱ्याच्या नावावर, त्याच्या मेलवर. त्याने धंदा बंद केला, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या बंद पडलेल्या मेलवर जात राहिल्या, आणि एके दिवशी आमच्या नावाच्या पत्त्यावर भलत्याच कुणाची जाहिरात. ते नाव आम्हाला परत मिळालं नाही. छापील पावत्या, पाकिटं, शिक्के, सगळ्यांवर तोच पत्ता होता.

ग्रंथपालबाई, डोमेन संस्थेच्या नावावर, संस्थेच्या मेलवर घ्या. जमत असेल तर एकदम बऱ्याच वर्षांचं नूतनीकरण करा. तो खर्च वार्षिक हिशेबात स्वतंत्र दाखवा, म्हणजे दर वर्षी सभेसमोर येईल आणि कुणी विसरणार नाही. अनुदानाचे हप्ते वेळेवर येतातच असं नाही, म्हणून आम्ही आता या कामासाठी देणगीतून थोडी रक्कम बाजूला ठेवतो.

ब्लॉग कुणाच्या खात्यावर आहे? तुमच्या वैयक्तिक? तुम्ही निवृत्त झालात की काय होणार?

---

ग्रंथघर

हिशेबवही काका, माझ्याच वैयक्तिक खात्यावर आहे. हा प्रश्न मला कधी सुचलाच नव्हता. आज वाचनालयाच्या मेलला प्रशासक म्हणून जोडलं आणि सहायक ग्रंथपालांना लेखक म्हणून. ब्लॉगरमध्ये दोन मिनिटांत झालं.

---

कोडेकर

उत्तम. त्या मेलमध्ये अधूनमधून लॉगिन करत राहा. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचं धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलंय. आणि ब्लॉगरच्या सेटिंगमधून पूर्ण ब्लॉगचा बॅकअप उतरवता येतो, तो दर तिमाहीला घ्या. त्यात लेख आणि प्रतिसाद येतात. फोटोंच्या मूळ प्रती वेगळ्या जपा.

जिओसिटीज ही फुकट पानं ठेवायची जागा २००९ मध्ये बंद झाली तेव्हा कितीतरी मराठी मंडळींची पहिली-पहिली पानं गेली. फीड वाचायची गूगल रीडर ही सेवा १ जुलै २०१३ ला बंद झाली, आणि फीडवर ब्लॉग वाचणारे वाचक विखुरले ते पुन्हा तसे जमले नाहीत. फुकटची जागा वापरायला माझी हरकत नाही, मीही वापरतो. पण नाव आपलं आणि प्रत आपल्याकडे, एवढं हवंच.

---

दूरदेशी

टोरांटोहून लिहितोय. मला या धाग्यावर थोडं वेगळं सांगायचंय, वाचकाच्या बाजूने.

माझे आजोबा शिक्षक होते. सात-आठ वर्षांपूर्वी मी सहज त्यांचं नाव देवनागरीत शोधलं. एका गावच्या वाचनालयाच्या ब्लॉगवर एक नोंद सापडली: जुन्या देणगी वहीतल्या एका पानाचा फोटो आणि खाली ग्रंथपालांनी टंकलेली नावं. त्यात आजोबांचं नाव, पुढे 'ग्रंथ ११, कपाट १'. घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. मी ते पान बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणाले, "कपाट! ते कपाट आमच्या ओटीवर होतं. अचानक कुठे गेलं ते आईनं कधी सांगितलं नाही."

वेबसाइटवर हे कधीच आलं नसतं. वेबसाइटवर 'अनेक दानशूर व्यक्तींनी सहकार्य केले' असं एक वाक्य आलं असतं.

पण पुढचं ऐका. आम्हाला त्या वाचनालयाला देणगी पाठवायची होती. ब्लॉगवर ना फोन, ना मेल, ना बँकेचा तपशील. वाचनालयाची वेबसाइट होती, पण ब्लॉगवर तिची लिंक नव्हती आणि त्याच नावाची वाचनालयं तीन गावांत. शेवटी गावातल्या एका ओळखीच्या माणसाला फोन करून काम झालं, त्यात चार महिने गेले. तेव्हा ताई, प्रत्येक नोंदीच्या तळाशी वाचनालयाचं पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि वेबसाइटच्या संपर्क पानाची लिंक ठेवा. ब्लॉगच्या साच्यात एकदा घातलं की सगळ्या नोंदींखाली दिसेल. शोधातून येणारा माणूस तुमच्या पहिल्या पानावर येत नाही, तो थेट कुठल्यातरी २०१२ च्या नोंदीवर उतरतो. त्याच्यासाठी तीच नोंद म्हणजे तुमचं प्रवेशद्वार.

---

सह्याद्रीवाट

आमचा अनुभव उलटा, म्हणून लिहितो. आमच्या ट्रेकिंग ग्रुपने साइट आणि ब्लॉग एकत्र करून सगळं एकाच वर्डप्रेसवर आणलं. वर्डप्रेसमध्ये 'पान' आणि 'नोंद' असे दोन प्रकार मुळातच आहेत. नियमावली, शुल्क, संपर्क ही पानं. ट्रेकचे वृत्तांत या नोंदी. ताईंचा फळा आणि नोंदवही एकाच घरात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने हेच करावं असं माझं मत आहे, दोन ठिकाणं सांभाळायची गरज नाही.

पण जुनं आणताना आम्ही जी चूक केली ती कुणी करू नका. आयात करायची सोय असताना आम्ही घाईने लेख हाताने कॉपी करून चिकटवले. प्रतिसाद मागेच राहिले आणि जुना ब्लॉग आम्ही पुसला. एका किल्ल्याच्या वृत्तांताखाली वर्षानुवर्षं लोक लिहीत होते: टाक्यातलं पाणी कुठल्या महिन्यापर्यंत पुरतं, कातळटप्प्यावरची कोणती खोबण झिजलीय, पायथ्याच्या वाडीत जेवणाची सोय कोण करतं. लेख एकाचा होता, माहिती शंभर जणांची. ती गेली. वर्षभराने एक मुलगा त्या वाटेवर पाण्यावाचून अडकला. सुखरूप उतरला, पण मला ती रात्र विसरता येत नाही. टाकं फेब्रुवारीनंतर आटतं हे कुणीतरी आम्हाला लिहून कळवलेलं होतं.

---

ग्रंथघर

सह्याद्रीवाट, वाचताना अंगावर काटा आला. आमच्या ब्लॉगवरही प्रतिसादांतच खरी दुरुस्ती झालीय. जुन्या इमारतीच्या एका फोटोखाली मी चुकीचं साल लिहिलं होतं. एका सभासदांनी कळवलं की फोटोत विजेचा खांब दिसतोय आणि गावात वीज त्यानंतर आली. कार्यवाहांना नेमका हाच प्रतिसाद दाखवते.

दूरदेशी, तुमच्या बाबांचं ते वाक्य मी आमच्या सहायकांना वाचून दाखवलं. तळाची पट्टी आजच घातली.

---

अक्षरजुळणी

फाँटबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी लिहिते. छपाईच्या कामात पंचवीस वर्षं गेली, या जुन्या फाँटांशी रोजची गाठ.

तो मजकूर टाकून देऊ नका आणि चौदा पानं नव्याने टंकतही बसू नका. रूपांतरक मिळतात, फाँटचं नेमकं नाव शोधा आणि त्याचाच रूपांतरक वापरा. पण रूपांतर झालं म्हणजे काम झालं असं समजू नका. जुन्या फाँटमध्ये अक्षरं दिसतील त्या क्रमाने साठवलेली असतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो: आधी 'न', मग वेलांटी, आधी 'र्', मग 'ग'. रूपांतरक इथे चुकला की 'वर्गणी'ची 'वगर्णी' होते आणि 'निधी'ची वेलांटी एकटीच पुढे लटकते. जोडाक्षरं असली की आणखी घोळ. साधे शब्द नजरेला खटकतात आणि दुरुस्त होतात. माणसांची नावं खटकत नाहीत. 'मार्तंड', 'दिगंबर', 'कीर्तने' अशी नावं मूळ कागदाशी ताडून बघा, कारण दूरदेशी यांच्यासारखा कुणीतरी पुढे तेच नाव शोधणार आहे, आणि ते 'कीतर्ने' असं पडलेलं असेल तर त्याला कधीच सापडणार नाही.

इतिहासाचं पान वेबसाइटवरच ठेवा. त्यातला एकेक प्रसंग घेऊन ब्लॉगवर सविस्तर लिहा आणि इतिहासाच्या पानावर त्या-त्या ओळीला त्या नोंदीची लिंक द्या. हे मला सगळ्यात आवडतं जोडकाम वाटतं.

---

मोडीवाला

एक सावधगिरीची सूचना. जुन्या दिवाळी अंकांतली पानं स्कॅन करून ब्लॉगवर टाकण्याचा मोह होतो. मराठीत दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन' मासिकापासूनची मानली जाते, त्यामुळे वाचनालयांत खजिना आहे हे खरं. पण भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइटचे हक्क राहतात, आणि अंकातल्या प्रत्येक लेखाचा लेखक वेगळा. अंक जुना म्हणून सगळंच मोकळं झालं असं धरू नका. मुखपृष्ठाच्या चित्रालाही चित्रकार असतो.

त्यापेक्षा अनुक्रमणिका टंकून टाका: कोणत्या वर्षीच्या कोणत्या अंकात कुणाचं काय आलंय. अभ्यासकाला आधी तेच हवं असतं. ही सूची वेबसाइटवर कायमच्या पत्त्यावर, आणि सूची करताना सापडलेल्या गमतीजमती ब्लॉगवर. तुमचे दाखल क्रमांक शेजारी दिलेत तर माणूस ते लिहून घेऊन थेट कपाटापाशी येईल.

---

ग्रंथघर

काल सभा झाली. सविस्तर लिहिते, कारण तुम्हा सगळ्यांचा त्यात वाटा आहे.

ब्लॉग राहणार. उपडोमेनला मंजुरी मिळाली. डोमेन खरंच जुनी साइट करून देणाऱ्या त्या मुलाच्या नावावर होतं, आता तो परदेशात आहे. एका मेलवर त्याने लगेच हस्तांतर करून दिलं आणि वर 'अजून चालू आहे ती साइट?' असं विचारलं. नवी वेबसाइट पाच पानांचीच राहील. वेळा आणि वर्गणी बदलायचा अधिकार माझ्याकडे आला, आधी त्यासाठी दर वेळी कुणाला तरी फोन करावा लागायचा. दारावरच्या पाटीवर वेळांच्या खाली वेबसाइटचा पत्ता रंगवून घ्यायचा असं अध्यक्षांनीच सुचवलं. दिवाळी अंकांच्या सूचीसाठी दोन निवृत्त शिक्षिका रोज दुपारी तासभर येणार आहेत.

कार्यवाह अजून पूर्ण पटलेले नाहीत. मी नसताना ब्लॉगवर कोण लिहिणार, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे त्याचं पक्कं उत्तर नाही. सहायकांनी पहिली नोंद परवा लिहिली, बालविभागाबद्दल. चांगली लिहिलीय.

इतिहासाचं पान रूपांतर करून झालंय. अक्षरजुळणी ताई, 'वगर्णी' सात ठिकाणी निघाली. देणगीदारांच्या यादीत सत्तावीस नावं आहेत, त्यातली एकोणीस मूळ पावतीपुस्तकाशी ताडली. उरलेल्या आठांची पावती वाळवीने खाल्लेल्या भागात आहे. त्यातली चार मोडीत दुसऱ्या एका वहीत आहेत असं वाटतंय. मोडीवाला, तुम्हाला फोटो पाठवले तर वाचून द्याल का?